दाराबाहेरची माणसं

ताईंची दाढ दुखायला लागून बरेच दिवस झाले होते, पण त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. कुणाला म्हणजे चिमीला, कारण कळू देण्यासारखं दुसरं होतं कोण? चिमी ही त्यांची धाकटी बहीण. वय अठ्ठावन्न, दोन नातवंडांची आजी, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, पण ताईंच्या लेखी अजून चिमीच. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती यायची. भाजी निवडत बसायची, बँकेचं काम असेल तर बरोबर जायची, दवाखान्यात ताईंच्या वतीने बोलायची, शेजारणीने काही टोमणा मारला असेल तर तो टोमणा होता हे ताईंना समजावून सांगायची आणि मग जाऊन शेजारणीला दोन शब्द सुनावूनही यायची.

तर ही चिमी आता शहर सोडून चालली होती. लेकाने दूरच्या शहरात मोठं घर घेतलं होतं, आईबाबांनी तिकडेच राहायला यावं असा हट्ट धरला होता, आणि मावशीसाठीही एक खोली ठेवली होती. मुलगा गुणी, त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण त्या घरात ताई एकदा चार दिवस राहून आल्या होत्या. दोन लहान मुलं, दिवसभर टीव्ही, स्वयंपाकघरात मिक्सर, आणि दारावरची घंटा अशी की कुणी बटण दाबलं की ती अख्खं गाणं म्हणायची. ताई चौथ्या दिवशी बाथरूममध्ये कडी लावून बसल्या होत्या. चिमीने बाहेरून विचारलं, "ताई, पोट बिघडलंय का?" ताई म्हणाल्या, "नाही. घर बिघडलंय."

स्वतःच्या दोन खोल्यांत ताईंना प्रत्येक आवाज ठाऊक होता. नळ केव्हा गुरगुरतो, वरच्या मजल्यावरचा म्हातारा केव्हा खुर्ची सरकवतो, सगळं. त्यांना तिथेच राहायचं होतं, आणि तसं त्यांनी चिमीला स्पष्ट सांगितलं होतं. चिमी तशी मऊ स्वभावाची, पण त्या दिवशी तिने पदर खोचला.

"राहा ना. माझी कुठे ना आहे? पण मी गेल्यावर दुखलं-खुपलं तर कोण बघणार? तू डॉक्टरकडे एकटी गेलीस तर दारातनं परत येतेस. चार माणसं जोड, मग खुशाल राहा. नाहीतर सामान बांधायला घेताना तुझंही बांधते."

ताईंनी मान हलवली आणि जीभ हळूच दाढेवरून फिरवली. आता दाढेचं सांगितलं असतं तर खटला तिथेच निकालात निघाला असता.

चार माणसं जोडायची म्हणजे काय करायचं, हे ताईंना साठ वर्षांत उमगलं नव्हतं. गंमत पाहा, ज्या बाईने उभं आयुष्य माणसं जोडण्याची नोकरी केली तिची ही कथा. ताई एका मोठ्या कागद कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लांबलचक बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकावर इवलासा दिवा. दिवा लागला की वायर खुपसायची, "नंबर?" म्हणायचं, "जोडते" म्हणायचं, लाइन गुंतलेली असेल तर "थांबणार का?" विचारायचं. बोलणं संपलं की दिवा विझायचा आणि वायर ओढून घ्यायची. ताईंना त्या कामाचं जे सुख होतं ते चारचौघांना सांगून कळायचं नाही. समोर चेहरा नाही. काय बोलायचं ते ठरलेलं. आणि बोलणं संपलं की संपलं, हे सांगायला दिवा. बाहेरच्या जगात लोक बोलता बोलता गप्प होतात, ते दम घ्यायला की तुम्ही आता निघा म्हणून, हे कोण सांगतं? ताई कित्येकदा लोकांच्या दारात उभ्या राहिल्या होत्या, अशा दिव्याची वाट बघत.

आणि तिथे मोठ्या बाई होत्या. एक्स्चेंजच्या मुख्य. देहाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या, तोंडाने फटकळ. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ताईंना बोर्डाच्या टोकाची, भिंतीला लागून असलेली खुर्ची दिली आणि सगळ्या मुलींना बजावलं, "हिला पाठीमागून हाक मारायची नाही. खांद्याला हात लावायचा नाही. काम असेल तर टेबलावर दोनदा टिचकी मारायची. समजलं? आणि का म्हणून मला विचारायचं नाही." चहाच्या सुट्टीत मुली गप्पा मारायला मागच्या खोलीत जायच्या, तेव्हा मोठ्या बाई ताईंना म्हणायच्या, "तू बोर्ड सांभाळ गं." मुली कुजबुजायच्या, म्हातारी बिचारीला राबवून घेते. ताईंनाही तसंच वाटायचं, आणि तरी ती रिकाम्या खोलीतली, झोपल्यासारख्या बोर्डासमोरची दहा-पंधरा मिनिटं त्यांना दिवसातली सगळ्यात लाडकी होती. मागच्या खोलीतून हसण्याचा आवाज यायचा, वायरींच्या पितळी टोकांवर ऊन पडायचं, आणि ताई आपला चहा आपल्या चवीने प्यायच्या.

मग एक्स्चेंज बंद झालं. प्रत्येकाच्या टेबलावर थेट फोन आले. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, पुढे दोन वर्षांत गेल्याही. ताईंना चौकशीच्या खिडकीवर बसवलं आणि तिथे त्यांचं पार पानिपत झालं. समोर चेहरेच चेहरे. कुणी म्हणालं शिष्ट आहे, कुणी म्हणालं माणूसघाणी. शेवटी त्यांना भांडारात पाठवलं, आणि नोकरीची उरलेली वर्षं त्यांनी कागदाच्या रिमांच्या सोबतीत काढली.

ताई अशा का, याचं निदान झालं ते निवृत्तीनंतर, आणि तेही वाट चुकून आल्यासारखं. लेक अजून याच शहरात होता तेव्हा चिमीचा धाकटा नातू उशिरा बोलायला लागला म्हणून त्याला डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरीणबाई एकेक विचारत गेल्या आणि चिमी मनातल्या मनात दचकत गेली. आवाजाचा त्रास होतो का, ठरलेलं बदललं तर घाबरतो का, नजर चुकवतो का, म्हटलेलं शब्दशः घेतो का. नातवाच्या बाबतीत उत्तर बहुतेक ठिकाणी "नाही" होतं. पोरगं नुसतं आळशी निघालं. पण चिमी तिथून निघाली ती थेट ताईंकडे आली आणि म्हणाली, "ताई, माझ्याबरोबर चल. तुझ्या जन्माचं कोडं मला सापडलंय बहुतेक."

बऱ्याच फेऱ्या झाल्या, बऱ्याच प्रश्नांची उत्तरं झाली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑटिझम. मराठीत स्वमग्नता. ताईंना तो मराठी शब्द मुळीच आवडला नाही. स्वमग्न म्हणे. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या लाइनी जोडल्या, स्वतःचा फोन घरात नव्हता. पण बाकीचं सगळं त्यांना पटलं. "नोकरीत तुम्हाला कधी काही सवलती होत्या का?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, तेव्हा ताई "नाही" म्हणाल्या होत्या. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्या असताना त्यांना भिंतीकडेची खुर्ची आठवली. मग टिचकी आठवली. मग ते चहाच्या सुट्टीत बोर्ड सांभाळणं. मोठ्या बाईंना कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं, कुठला शब्द ठाऊक नव्हता. नुसतं डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं, आणि वर शिव्याही खाल्ल्या होत्या. ताई बसमध्ये रडल्या. शेजारच्या बाईने विचारलं, "कुणी गेलं का हो?" ताई म्हणाल्या, "हो. खूप वर्षांपूर्वी."

निदान झालं, पण पुढे काय? जिकडे जावं तिकडे सगळं लहान मुलांसाठी. एका केंद्रात ताईंना बसायला लाल रंगाची इवलीशी खुर्ची दिली. त्या तिच्यात अडकल्या आणि चिमीला ओढून काढावं लागलं. दोघी बहिणी रस्त्यावर येईपर्यंत हसत होत्या. शेवटी एका संस्थेतल्या मुलीचा फोन आला. ती समुपदेशनाचं काम करायची. आवाज स्वच्छ, शब्द मोजके. मोठ्या माणसांसाठी गट सुरू करतेय म्हणाली, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, सकाळी. वेगवेगळ्या डॉक्टरांनी नावं दिली आहेत, कुणी कुणाला ओळखत नाही, जबरदस्ती नाही, यावंसं वाटलं तर या. ताईंना यावंसं वाटलं. बुडत्याला काडीचा आधार.

पहिल्या खेपेला ताई वेळेच्या बऱ्याच आधी पोचल्या. वरच्या मजल्यावर लांब ओसरी, एका बाजूला खिडक्या, टोकाला ती खोली. दार लोटलेलं होतं. ताई खिडकीशी उभ्या राहिल्या. वेळ झाली, दार काही उघडलं नाही. ओसरीत आणखी तीन-चार माणसं होती. कुणी सूचनाफलक वाचत होतं, कुणी जिन्याच्या कठड्याशी उभं होतं, पण ती आपली वाचनालयात आलेली माणसं असणार. मध्येच दार उघडलं, एका मुलीने डोकावून इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली. आत दुसरंच काही काम चाललेलं दिसतंय, असं ताईंनी ठरवलं. तासभर उभ्या राहिल्या आणि घरी आल्या.

"आलंच नाही कुणी," त्यांनी चिमीला सांगितलं.

"तू दार वाजवलंस का?"

"वाजवा असं कुणी म्हणालं नव्हतं."

चिमीने कपाळाला हात लावला. त्या दिवशी तिने ताईंच्या कपाटातल्या जाड चादरी मोजून बघितल्या, किती पेट्या लागतील त्याचा अंदाज घ्यायला.

दुसरा महिना आला तेव्हा दाढेने ताईंना जेरीस आणलं होतं. डाव्या बाजूने चावणं बंद. घरचं सामान हलवायची चिमीची तारीख ठरली होती. ताईंनी मनाशी पक्कं केलं: आज जमलं तर जमलं, नाहीतर मिक्सर, टीव्ही आणि गाणारी घंटा. त्या ओसरीत येऊन उभ्या राहिल्या. दार लोटलेलंच. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की माणसंही गेल्या खेपेचीच आहेत.

सूचनाफलकाशी तोच उंच, टक्कल पडलेला माणूस. त्याच्या कानांत कापसाचे बोळे. फलकावर एकच जुना कागद होता, आणि तो माणूस तो कागद गेल्या महिन्यापासून वाचत होता म्हणायला हरकत नाही. कठड्याशी राखाडी केसांची, जाड चष्म्याची बाई, अंगठ्याने पर्सच्या पट्ट्याची एकच शिवण घासत होती. कोपऱ्यात आणखी एक जण. कुणाच्या हातात पुस्तक नव्हतं. आणि सगळ्यांनी उभं राहायला अशी जागा शोधली होती की पाठीमागे भिंत येईल. ताईंनी स्वतःकडे पाहिलं. त्यांच्याही पाठीमागे भिंत होती.

म्हणजे ही सगळी आपलीच माणसं. आपल्यासारखीच कुणीतरी बोलवायची वाट बघत, गेल्या महिन्यातही अशीच घरी गेलेली. आता यांच्याशी बोलायला हवं. पण काय बोलायचं? कुणाशी आधी? भिंतीवर "शांतता राखा. मोबाइल वापरू नये" असं लिहिलेलं होतं, ते त्यांनी वाचलं. मग त्या जिना उतरल्या, वाचनालयाच्या फाटकाबाहेर रस्त्यावर गेल्या आणि संस्थेतल्या मुलीला फोन लावला. काखेत कळसा म्हणतात तो हाच, पण ज्याला जो रस्ता येतो त्याने त्याच रस्त्याने जावं.

"नमस्कार," ताई म्हणाल्या, आणि फोन कानाला लागल्याबरोबर त्यांचा आवाज सरळ झाला. "मी वरच्या खोलीच्या दाराबाहेर होते. आता फाटकाबाहेर आहे. तुम्ही कुठे आहात?"

"अहो, मी खोलीतच आहे. गेल्या वेळीही होते. कुणीच आलं नाही. दार ढकलून या ना आत."

"दार बंद असलं की आम्ही आत येत नाही," ताई म्हणाल्या. आम्ही म्हणताना त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "गेल्या वेळी सगळे आलो होतो. आताही आलो आहोत. फलकाशी एक, कठड्याशी एक, कोपऱ्यात एक. तुम्ही दार उघडा आणि आत या असं म्हणा. प्रत्येकाला वेगळं म्हणा. 'या सगळे' म्हणालात तर कुणी हलणार नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती मुलगी म्हणाली, "थांबा, उघडते."

ताई धापा टाकत वर आल्या तेव्हा दार सताड उघडं होतं. खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या, पण आत गेलेल्या प्रत्येकाने आपली खुर्ची उचलून भिंतीला नेऊन लावली होती. मुलगी एकटी मध्ये उभी. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. ताईंनी उरलेली खुर्ची उचलली आणि त्याही भिंतीकडे गेल्या.

त्या दिवशी फार बोलणं झालं नाही, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटलं नाही. कापसाच्या बोळ्यांवाला माणूस बस डेपोतला निवृत्त मेकॅनिक निघाला. इंजिनाच्या आवाजाचा त्याला त्रास नव्हता, माणसांच्या आवाजाचा होता. चष्म्याच्या बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. "वर्गात बोलता येतं," त्या म्हणाल्या, "शिक्षकांच्या खोलीत येत नाही. मी मधल्या सुट्टीत नकाशांच्या कपाटाशी जाऊन उभी राहायचे." ताईंनी मग मोठ्या बाईंची गोष्ट सांगितली. सुरुवातीपासून, एकही तपशील न गाळता, टिचकी कुठल्या बोटाने मारायच्या तेसुद्धा. एवढी लांब गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, कारण लोक मध्येच घड्याळ बघतात. इथे कुणी बघितलं नाही. गोष्ट संपल्यावर मेकॅनिक म्हणाले, "डेपोत आमचे एक फोरमन होते तसे." आणि मग बराच वेळ खोलीतल्या प्रत्येकाला आपापलं कुणीतरी आठवत राहिलं, मेलेलं किंवा दूर गेलेलं, ज्याने न विचारता जागा करून दिली होती.

निघताना संस्थेतल्या मुलीने विचारलं, कुणाला काही मदत हवी आहे का. सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले. ताई म्हणाल्या, "दाढ."

भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "मी येते बरोबर. शेजारी बसेन. बोलणार नाही. चालेल?"

"चालेल," ताई म्हणाल्या.

दोघी गेल्या. दवाखान्यात औषधांचा उग्र वास होता, पंखा खडखडत होता, खिडकीतली पोरगी न बघता "बसा तिकडे" म्हणाली. ताई दोनदा उठल्या, पण शेजारची चष्मेवाली जागची हलत नाही हे बघून दोन्ही वेळा बसल्या. आत गेल्यावर मात्र भूगोलाच्या बाईंनी वचन मोडलं. ठणठणीत वर्गातल्या आवाजात त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "आधी सांगा काय करणार, मग करा. प्रत्येक वेळी. न सांगता हात लावायचा नाही." डॉक्टर बिचारा तरुण होता, शाळकरी पोरासारखा "हो मॅडम" म्हणाला. आता सुई टोचतोय, आता पकड लावतोय, आता ओढतोय, असं सांगत सांगत त्याने दाढ काढली. ताईंनी डोळे मिटून घेतले होते. मोठ्या बाई गेल्यापासून आपल्या वतीने असं दरडावून कुणी बोललं नव्हतं, एक चिमी सोडली तर. भूल चढल्यामुळे तोंडाला कळत नव्हतं, म्हणून आपण हसतोय हे त्यांना घरी आरशात बघेपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी चिमी आली ती दोन रिकाम्या पेट्या घेऊनच. ताईंचा सुजलेला गाल बघून पेट्या तिच्या हातातून पडल्या.

"हे काय? कधी? कुणी नेलं?"

ताईंनी सगळं सांगितलं. दार, ओसरी, फाटक, खुर्च्या, दवाखाना, डॉक्टरांचं "हो मॅडम". चिमी ऐकत होती. आधी हसली. मग हसता हसता कॉटवर बसली आणि पेटीचा पुठ्ठा नखाने कुरतडत राहिली. तिला बरं वाटत होतं हे खरं, कुठल्या बहिणीला वाटणार नाही? पण आणखीही काहीतरी वाटत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. लहानपणापासून ती ताईंच्या पुढे उभी राहिली होती. शाळेत ताईंना कुणी चिडवलं की हिने दगड उचलायचे. नवऱ्यालाही तिने लग्नाआधी सांगितलं होतं, मंगळवार-शुक्रवार माझे, त्यात बोलायचं नाही. आणि आता दाढेचंसुद्धा तिला दाढ निघाल्यावर कळलं होतं.

"म्हणजे तू राहतेस इथे," चिमी म्हणाली.

"राहते. भूगोलाच्या बाई बुधवारी येणार आहेत. मेकॅनिक नळ बघून जाणार आहेत."

"बरं झालं." चिमीने पेट्या दुमडल्या, भिंतीला टेकवून ठेवल्या. मग ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "एक विचारू? मी गेल्यावर तुला माझी आठवण येईल का गं?"

असले प्रश्न चिमीने ताईंना कधी विचारले नव्हते. उत्तर काय येईल या भीतीनेच विचारले नव्हते. ताईंनी नेहमीसारखा वेळ घेतला. प्रश्न विचारलाय तर तो नीट बघायला हवा.

"मंगळवारी येईल," त्या म्हणाल्या. "आणि शुक्रवारी."

चिमीने मान डोलावली. ओठ दाबून धरले. "आणि बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी तू नसतेसच," ताई म्हणाल्या. "त्या दिवशी तर आठवण पहिल्यापासून येते. लग्न होऊन गेलीस तेव्हापासून. तिची मला सवय आहे. हे दोन दिवस नवीन पडतील, म्हणून तेवढे सांगितले."